‘नोंदणीकृत’ या विशेषणाचा अर्थ

परदेशी नोकरी मिळवून देणाऱ्या संस्थांच्या जाहिरातींत ‘नोंदणीकृत’ हे विशेषण वारंवार आढळते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष असले, तरी अर्थदृष्ट्या अपुरे आहे. कारण नोंदणी कोणाकडे व कोणत्या कायद्यान्वये झाली, याचा बोध त्यातून होत नाही. दुकानाची नोंद, वस्तू व सेवा कराची नोंद, कंपनी म्हणून झालेली नोंद, या सर्व खऱ्या असू शकतात; तथापि त्यांपैकी एकीनेही परदेशातील नोकरीसाठी माणसे भरती करण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. मुळशी तालुक्यातील नेरे येथील एखादा वेल्डर किंवा वाहनचालक घरचे सोने गहाण ठेवून अशा संस्थेकडे पैसे भरतो, तेव्हा या एका शब्दाच्या संदिग्धतेची किंमत साऱ्या कुटुंबास मोजावी लागते.

हा अधिकार १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाने मिळतो. नोकरीसाठी देशाबाहेर जाणारा तो उत्प्रवासी. अधिनियमाच्या दहाव्या कलमानुसार, उत्प्रवासी महासंरक्षकाच्या नोंदणी-प्रमाणपत्रावाचून कोणासही भरतीचा अभिकर्ता, म्हणजे रूढ भाषेतील एजंट, म्हणून काम करता येत नाही. शिवाय ‘भरती’ या शब्दाची कायद्यातील व्याप्ती मोठी आहे. नोकरीची जाहिरात देणे, त्यासंबंधी पत्रव्यवहार वा वाटाघाटी करणे, हेही भरतीतच मोडते. तेव्हा ‘आम्ही केवळ सल्लागार आहोत’ असे म्हणून नोकरी देऊ करणाऱ्यास या बंधनातून सुटता येत नाही.

पडताळणीचा मार्ग कठीण नाही. संस्थेकडून प्रमाणपत्राचा क्रमांक घ्यावा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावरील यादीशी तो ताडून पाहावा. संस्थेचे नाव, पत्ता व प्रमाणपत्राची मुदत, तिन्ही जुळली पाहिजेत. शंका राहिल्यास मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात उत्प्रवासी संरक्षकाचे कार्यालय आहे. अभिकर्त्यास उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील कर, याहून अधिक घेता येत नाही; त्याची पावतीही मागून घ्यावी.

‘आधी भेटीच्या व्हिसावर जा, नोकरीचा व्हिसा तेथे करून देऊ’ हे वाक्य विशेष धोक्याचे समजावे. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पारपत्रावर सामान्यतः उत्प्रवासन-तपासणीचा शेरा असतो, आणि त्यांना १८ ठरावीक देशांत नोकरीस जाण्यापूर्वी सरकारी अनुमती घ्यावी लागते. भेटीच्या व्हिसाने ही तपासणी चुकविली जाते. मग हाती ना करार राहतो, ना संरक्षण.

ही फसगत अल्पशिक्षितांचीच होते, असेही नाही. थायलंडमध्ये संगणकीय विक्रीच्या नोकऱ्या देतो असे सांगून तरुणांना बेकायदेशीरपणे म्यानमारमध्ये नेऊन डांबले जात असल्याचा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला होता. त्या टोळ्यांचा रोख संगणक जाणणाऱ्या तरुणांवरच होता. हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानाचा शेजार लाभलेल्या नेरे गावाने हे विशेष ध्यानी घ्यावे.

विशेषण स्वतः काही सिद्ध करीत नाही; ते कशाच्या आधारे लावले, हे विचारावे लागते. नोंदणी कोणाकडे, क्रमांक कोणता, मुदत केव्हापर्यंत, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळून पडताळली जाईपर्यंत पैसे व पारपत्र, दोन्ही आपल्याच हाती ठेवावीत.