कड्याच्या पोटातलं गाव
लेखमाला : खेड्यांतला फ्रान्स – लेख चौथा

पेरिग्यो शहरातून निघालेली छोटी आगगाडी व्हेझेर नदीच्या खोऱ्यात शिरते आणि थोड्याच वेळात लेझेझी नावाच्या स्टेशनात थांबते. स्टेशनाबाहेर पडताच समोर पिवळट-करड्या चुनखडीचा उभा कडा दिसतो. गाव आहे ते त्याच्या पायथ्याशी. खरं तर पोटाशीच म्हणायला हवं, कारण कड्यालगतच्या कित्येक घरांना मागची भिंतच नाही. तीन भिंती माणसाने बांधल्या, चौथी डोंगराने दिली. काही घरांच्या धुराड्यावरच कपार पुढे झुकलेली आहे.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, दोर्दोन्य जिल्ह्यात हे गाव आहे. वस्ती जेमतेम हजारभर. एक मुख्य रस्ता, त्याच्या दुतर्फा हॉटेलं, अक्रोडाचं तेल आणि बदकाच्या मांसाचे डबे विकणारी दुकानं. गाव स्वतःला ‘प्रागितिहासाची जागतिक राजधानी’ म्हणवून घेतं. अशा पदव्या लावण्याची हौस फ्रान्समधल्या बऱ्याच गावांना असते, पण लेझेझीच्या बाबतीत कुरकूर करायला फारशी जागा नाही. व्हेझेरच्या खोऱ्यात अश्मयुगाच्या १४७ जागा आणि चित्रं असलेल्या २५ गुहा नोंदवलेल्या आहेत. त्यांतल्या १५ जागा १९७९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, आणि यांतल्या बऱ्याचशा गावापासून सायकलच्या टप्प्यात आहेत.

एवढी दाटी इथेच का झाली, याचं उत्तर त्या कड्यातच आहे. डायनोसॉरांच्या शेवटच्या काळात इथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या गाळाचे थर पुढे चुनखडी झाले. सगळे थर सारखे टणक नव्हते. नदीने खोरं कापलं, मग हिमयुगांतल्या थंडीने मऊ थरांत शिरलेलं पाणी गोठवून ते थर आतून कुरतडले. वरचा टणक थर तसाच राहिला आणि खाली लांबलचक, ओसरीसारख्या कपारी तयार झाल्या. त्यांतल्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या कपारींना हिवाळ्यातलं ऊन मिळायचं. खाली नदीत सामन मासे होते, खोऱ्यातून रेनडियरचे कळप ये-जा करायचे आणि हत्यारांसाठी लागणारी गारगोटी हाताशीच मिळायची. राहण्यासाठी याहून बरी जागा शोधण्याचं कारण नव्हतं. माणसं हजारो वर्षं त्याच त्या कपारींत परतत राहिली. गावाच्या मधोमध असलेल्या पातो कपारीत राखेचे, हाडांचे आणि हत्यारांचे थर एकावर एक असे सुमारे नऊ मीटर साचले आहेत. हार्वर्डच्या हॅलम मोव्हियस यांनी १९५०–६० च्या दशकांत त्यांचं उत्खनन केलं. शेजारच्या कपारीत पातो कुटुंबाचं तळघर होतं. तिच्या छतावर कोरलेला रानबोकड आज तिथेच मान वर करून पाहता येतो.

विज्ञानाचं लक्ष इकडे वळलं ते १८६३ मध्ये. फ्रेंच अभ्यासक एदुआर लार्ते आणि त्यांचा इंग्रज मित्र हेन्री ख्रिस्ती यांनी त्या वर्षी इथल्या कपारी खणायला घेतल्या. रेल्वेही त्याच सुमारास खोऱ्यात पोचली, त्यामुळे पॅरिसच्या विद्वानांना इथे येणं सोपं झालं. पुढच्याच वर्षी, १८६४ मध्ये, ला मादलेन इथे मॅमथच्या सुळ्याचा एक तुकडा सापडला. त्यावर मॅमथचंच चित्र कोरलेलं होतं. नामशेष झालेल्या प्राण्याचं चित्र त्याच्याच दातावर! माणूस आणि मॅमथ एका काळात होते की नाही, हा वाद तेव्हा जोरात होता. त्या तुकड्यानंतर तो लढवणं अवघड झालं. १८६८ मध्ये स्टेशनाजवळ भरावासाठी माती काढताना मजुरांना क्रो-मॅग्नॉन कपारीत मानवी सांगाडे दिसले. लार्ते यांचे चिरंजीव लुई यांनी ते बाहेर काढले. जगभरच्या शालेय पुस्तकांत गेलेलं ‘क्रो-मॅग्नॉन मानव’ हे नाव या कपारीचं.

पण ती हाडं बघायला लेझेझीत येऊ नये. ती पॅरिसमध्ये आहेत. मॅमथ कोरलेला सुळाही पॅरिसमध्येच. ल मुस्तिए या शेजारच्या वाडीत १९०८ मध्ये सापडलेला निअँडरथल तरुण स्विस व्यापारी-संशोधक ओटो हाउझर याने बर्लिनला विकला. त्याची कवटी आजही तिथेच आहे. काप ब्लां इथल्या कोरीव घोड्यांच्या पायाशी पुरलेल्या स्त्रीचा सांगाडा १९११ मध्ये मिळाला आणि १९२६ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये पोचला. जुन्या वस्तू विकत घ्यायला परगावचे, परदेशचे लोक येत, आणि ज्याच्या शेतात कपार असे त्याला चार पैसे मिळत. यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

वावगं वाटलं ते गावच्या शाळामास्तरांना. दनी पेरोनी हे प्राथमिक शाळेतले शिक्षक. शाळा सुटली की कपारी आणि गुहा पालथ्या घालणं हा त्यांचा उद्योग. लेझेझीत आज जे जागेवर शिल्लक आहे, त्यातलं बरंचसं त्यांच्यामुळे आहे. गावाजवळच्या एका लहान कपारीच्या छतावर साधारण मीटरभर लांबीचा सामन मासा कोरलेला आहे. वय सुमारे २५,००० वर्षं. १९१२ मध्ये तो उजेडात आला आणि लगेच परदेशी संग्रहालयासाठी तो छतातून कापून काढण्याचं काम सुरू झालं. ते थांबवण्यात पेरोनींचा हात होता. माशाभोवती छिन्नीने पाडलेली खोल चौकट अजून स्पष्ट दिसते. मासा सुंदर आहेच, पण ती चौकट पाहिल्याशिवाय या गावाचा इतिहास कळत नाही. पुढच्याच वर्षी सरकारने कड्यावरचा पडका किल्ला विकत घेतला आणि पेरोनींनी तिथे संग्रहालय उभं करायला घेतलं. २००४ मध्ये त्याला जोडून नवी इमारत झाली. किल्ल्याच्या गच्चीवर पोल दार्दे या शिल्पकाराने केलेला आदिमानव १९३१ पासून उभा आहे. बोजड, खांदे पाडलेला आणि बराचसा निअँडरथल वळणाचा. ज्या गावाने आधुनिक माणसाच्या पूर्वजाला नाव दिलं, तिथे हा असा पाहुणा का, असा प्रश्न पर्यटकांना पडतो. त्या काळच्या कल्पनेतला आदिमानव असाच होता, एवढंच.

पेरोनींचं मोठं वर्ष म्हणजे १९०१. त्या सप्टेंबरमध्ये अवघ्या चार दिवसांत दोन गुहांची चित्रं उजेडात आली. ८ तारखेला कोंबारेल आणि १२ तारखेला फाँ-द-गोम. सोबत आँरी ब्रय हे तरुण धर्मगुरू आणि डॉक्टर लुई कापितां होते. या चार दिवसांचं मोल कळण्यासाठी थोडं मागे जावं लागतं. स्पेनमधल्या आल्तामिरा गुहेतली चित्रं १८७९ मध्येच सापडली होती, पण ती कुणीतरी अलीकडे रंगवली असणार, असं म्हणून विद्वानांनी झटकून टाकली होती. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ एमिल कार्तायाक त्यांत आघाडीवर. व्हेझेरच्या खोऱ्यात एकामागोमाग दोन गुहा निघाल्यावर मात्र हा पवित्रा टिकला नाही. १९०२ मध्ये कार्तायाक यांनी आपली चूक छापून कबूल केली. आल्तामिराची चित्रं शोधणारे सौतुओला तोवर वारले होते.

लेझेझीत एकच जागा पाहायला वेळ असेल, तर ती फाँ-द-गोम असावी. गावाच्या टोकाला, पायी जाण्याजोग्या अंतरावर. डोंगर थोडा चढला की गुहेचं तोंड लागतं. आत चिंचोळी बोळकांडी आहे, एका ठिकाणी तर अंग चोरूनच पुढे सरकावं लागतं. बहुरंगी अश्मयुगीन चित्रं असलेल्या ज्या थोड्या मूळ गुहा फ्रान्समध्ये लोकांना अजून पाहता येतात, त्यांतली ही सर्वांत नावाजलेली. इथे २०० हून अधिक आकृत्या आहेत, आणि भरणा गव्यांचा, म्हणजे बायसनांचा. रंग दोनच धातूंचे. तांबडा लोहाच्या मातीचा, काळा मँगनीजचा. पण चित्रकाराने खडकालाही कामाला लावलं आहे. भिंतीचा फुगवटा आला की तिथे गव्याचं वशिंड, आणि एका उधळलेल्या घोड्याचा मागचा पाय म्हणजे भिंतीवरून ओघळून दगड झालेला चुना. पाच गव्यांची ओळ तर १९६६ मध्ये भिंत साफ करताना पुरती दिसू लागली. पांढऱ्या भिंतीवर ते तपकिरी-काळे देह उठून दिसतात.

समोरासमोरच्या दोन रेनडियरची जोडी मात्र सहजी दिसत नाही. मार्गदर्शक दिव्याचा झोत तिरपा धरून आधी नराच्या शिंगांची कमान दाखवतो, मग पाठ, मग मान. शेवटी कळतं की त्याने मान खाली घातली आहे आणि पुढे गुडघे टेकलेल्या मादीचं कपाळ तो चाटतो आहे. शिकारीवर जगणाऱ्या माणसाने हे चित्र काढावं, याचं नवल वाटतं. १९०१ च्या आधी गावातली पोरं या गुहेत खेळायची आणि पाहुणे भिंतींवर आपली नावं लिहून जायचे. ती नावंही अजून आहेत. गव्यांकडे त्यांतल्या एकाचंही लक्ष गेलं नव्हतं.

आत दिवसाला शंभरापेक्षाही कमी लोकांना सोडतात. तिकीट आधी काढावं लागतं आणि उन्हाळ्यात ते मिळतंच असं नाही. हुकलं तर दोन किलोमीटरवरची कोंबारेल आहे. तिथे रंग जवळपास नाहीत, कोरीव रेषा आहेत. एकेका वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसं आत जातात. पाणी पिणारा रेनडियर तेवढा चुकवू नये.

ही एवढी कडक मोजदाद आली ती लास्कोच्या अनुभवातून. लेझेझीपासून नदीच्या वरच्या अंगाला सुमारे २५ किलोमीटरवर मोंतिन्याक आहे. तिथे १२ सप्टेंबर १९४० रोजी मार्सेल राव्हिदा आणि त्याच्या मित्रांनी लास्कोची गुहा शोधली. फाँ-द-गोम सापडली त्याच तारखेला, ३९ वर्षांनी. १९४८ मध्ये गुहा लोकांसाठी खुली झाली आणि पुढे दिवसाला हजाराहून अधिक माणसं आत शिरू लागली. त्यांचा श्वास, घाम, दिव्यांची ऊब. हवेत कार्बन डायऑक्साइड आणि दमटपणा वाढला, भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं, चुन्याचा पांढरा थर चढू लागला. १९६३ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा बंद केली. हजारो वर्षं टिकलेल्या चित्रांना १५ वर्षांची गर्दी सोसली नाही. १९८३ मध्ये जवळच मुख्य दालनांची प्रतिकृती झाली, त्यातली चित्रं मोनिक पेत्राल यांनी रंगवली. २०१६ च्या अखेरीस जवळपास संपूर्ण गुहेची नवी प्रतिकृती उघडली. तिचं काम अचूक आहे, गारवाही तसाच राखला आहे. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तिथे जरूर जावं. पण आधी फाँ-द-गोमची मूळ भिंत पाहिली असेल, तर प्रतिकृतीत काय आहे आणि काय नाही, हे नीट कळतं.

तिसरी तऱ्हा रुफिन्याकची. लेझेझीच्या उत्तरेला, खाजगी मालकीची, एकूण आठ किलोमीटर पसरलेली गुहा. इथे पर्यटक छोट्या विजेच्या रेल्वेत बसून आत जातात. वाटेत गुहेतल्या अस्वलांनी झोपण्यासाठी केलेले खळगे आणि भिंतींवरचे नखांचे ओरखडे लागतात. मग मॅमथ, दीडशेहून जास्त. फ्रान्स्वा द बेलफोरेस्त या लेखकाने १५७५ मध्येच या गुहेतल्या चित्रांचा उल्लेख केला होता, पण अभ्यासकांनी त्यांची दखल घेतली ती १९५६ मध्ये. तेव्हाही ती खरी की बनावट यावर वर्तमानपत्रांतून मोठी हमरीतुमरी झाली. गाडी जिथे थांबते तिथल्या छतावर घोडे, गवे, मॅमथ आणि रानबोकड एकमेकांत मिसळले आहेत. आज तिथे आरामात उभं राहता येतं, कारण जमीन नंतर खणून खाली नेली. चित्रं काढली तेव्हा छत आणि जमीन यांच्यात मीटरभरच जागा होती. म्हणजे चित्रकाराने ती आडवं पडून काढली, आणि सगळं छत एका नजरेत पाहणं त्याला शक्यच नव्हतं.

कड्यांचा मुक्काम अश्मयुगाबरोबर संपला नाही. ला रोक सें-क्रिस्तोफ हा कडा किलोमीटरभर लांब आणि ८० मीटर उंच आहे, त्यात पाच मजले कपारी. मध्ययुगात तिथे तटबंदीचं गावच वसलं होतं. कॅथलिक-प्रोटेस्टंट लढायांच्या काळात, १५८८ मध्ये, ते पाडून टाकण्यात आलं. ला मादलेनच्या कपारीत तर विसाव्या शतकापर्यंत माणसं राहत होती. काप ब्लांच्या समोर, ब्यून नदीच्या दलदलीपलीकडे कोमार्कचा बाराव्या शतकातला किल्ला आहे. झाडीत गडप झालेला हा किल्ला १९६० च्या दशकात त्याच घराण्यातल्या एका वंशजाने विकत घेतला आणि मोकळा करायला सुरुवात केली. दुर्गप्रेमी मराठी वाचकाला या जागेचं विशेष वाटेल. एकाच टेकडीत खाली अश्मयुगातला कोरीव घोडा, वर कपारीतली घरं, आणि त्यावर बुरूज. गावातलं तायाकचं चर्चही बाराव्या शतकातलं, पण दिसतं गढीसारखंच.

निसर्ग पाहायचा तर ग्रां रोकची लहानशी गुहा कड्याच्या मध्यावर आहे. १९२४ मध्ये सापडलेली. तिच्यातले चुन्याचे स्फटिक खाली लोंबत नाहीत, आडवे-तिडवे कुठेही वाढतात. त्याहून भव्य प्रुमेसाकची विवर-गुहा. १९०७ मध्ये पहिली माणसं तिच्यात दोराने उतरली. पुढे लोकांना छतातल्या भोकातून टोपलीत बसवून खाली सोडत. आता बोगद्यातून चालत जाता येतं, आणि हौस असेल तर जादा पैसे देऊन ५२ मीटरचा टोपलीतला प्रवासही करता येतो. उन्हाळ्यात डोंगी भाड्याने घेऊन नदीतून कडे पाहणं हा सगळ्यांत स्वस्त आणि कदाचित सगळ्यांत चांगला मार्ग. प्रवाह संथ आहे, वल्ह्याला फार जोर लागत नाही.

तसंच खाली जात राहिलं की लिमय गावापाशी व्हेझेर दोर्दोन्य नदीला मिळते. पुढच्या लेखात त्या मोठ्या नदीच्या काठाने वरच्या अंगाला जायचं आहे. तिथे बेनाक आणि कास्तेल्नो हे दोन किल्ले शतवर्षीय युद्धात एकमेकांकडे तोंड करून लढले.