मागणी कमी झाली म्हणजे नेमकं काय झालं?

माझा भाचा कोल्हापूरहून इथे बंगळुरूत बी.एस्सी. ॲग्रीला आला आणि पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात अर्थशास्त्र बघून वैतागला. दर रविवारी तो हेब्बाळला माझ्याकडे जेवायला येतो आणि पानावर बसल्या बसल्या तक्रार सुरू करतो. ‘मावशी, मी माती-बियाणं शिकायला आलोय. हे कशाला?’

शेतीला अर्थशास्त्र उपरं आहे, हा पहिला गैरसमज. याच हेब्बाळमध्ये 1899 साली प्रायोगिक शेती सुरू झाली, 1946 साली कृषी महाविद्यालय आलं आणि 1964 साली विद्यापीठ. आज देशभर कृषी पदवीत अर्थशास्त्राच्या मूलतत्त्वांचा पेपर असतोच. पिकवणं वेगळं आणि पिकवून हातात चार पैसे उरणं वेगळं.

दुसरी भीती गणिताची. पहिल्या पेपरला सरळ रेषेचा उतार आणि टक्केवारी एवढ्यावर बरंचसं भागतं. भाच्याचे चाचणीत गुण गेले ते गणितात नव्हे, ‘मागणी’ या शब्दात. रोजच्या वापरातला शब्द, म्हणून आपल्याला तो येतोच असं तो धरून चालला.

मागणी म्हणजे इच्छा नव्हे. एखाद्या किमतीला वस्तू घ्यायची तयारी आणि ऐपत दोन्ही लागतात. पुढची गोम आणखी बारीक. जुलै 2023 मध्ये कोलारच्या बाजारात टोमॅटोचा 15 किलोचा क्रेट 2000 रुपयांच्या वर गेला. आमच्या आमटीत टोमॅटोऐवजी चिंच आली. ‘मागणी घटली’ असं आपण म्हणू, पण अर्थशास्त्र ते मान्य करत नाही. भाव चढल्यामुळे खरेदी कमी झाली, तर मागणीची रेषा जागेवरच असते आणि आपण तिच्यावरून वर सरकतो. आपली मराठी पाठ्यपुस्तकं याला ‘संकोच’ म्हणतात. चातुर्मासात घरोघरी कांदा बंद होतो, तेव्हा भाव तोच असला तरी खरेदी घटते. तिथे अख्खी रेषाच डावीकडे जाते. तो ‘ऱ्हास’. इतके नेमके मराठी शब्द असताना ते शाळेच्या पुस्तकाबाहेर कधी पडले नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

पीक भरघोस आलं की शेतकरी सुखी, हाही असाच समज. समजा 100 क्रेट 300 रुपयांनी गेले, तर 30,000 आले. पुढच्या वर्षी पीक वाढून 120 क्रेट झालं, पण भाव 150 वर उतरला, तर हातात 18,000. टोमॅटो स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट खात नाही. मागणी फारशी लवचीक नसल्याचा हा फटका. गंमत अशी की एकट्याचंच पीक वाढलं तर तो कमावतो, सगळ्या तालुक्याचं वाढलं की सगळे बुडतात. हे ऐकून भाचा पहिल्यांदा गप्प झाला. त्याच्या आजोबांनी रस्त्यावर ओतलेला टोमॅटो त्याने पाहिलेला आहे.

महागाईचा दर 6 टक्क्यांवरून 4 वर आला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या, असं नाही. त्या सावकाश महाग होतायत, इतकंच.

आणि ‘फुकट’. कर्नाटकात 11 जून 2023 पासून बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे. डिझेल आणि चालकाचा पगार अर्थातच कुठून तरी येतो. पण एवढ्यावरून ‘म्हणजे योजना वाईट’ असं उत्तर लिहिणारा विद्यार्थीही चुकतोच. त्या पैशात दुसरं काय झालं असतं आणि या प्रवासामुळे किती जणींना लांबची नोकरी परवडली, दोन्ही मोजायला हवं. हातून सुटलेल्या सर्वांत चांगल्या पर्यायाची किंमत म्हणजे संधीखर्च. हेब्बाळच्या उड्डाणपुलाखाली बस अडकते, तेव्हा माझं तिकीट शून्य रुपयांचं असतं, पण गेलेल्या अर्ध्या तासाचा हिशेब कोणी धरत नाही.

अर्थशास्त्र म्हणजे शेअर बाजार, हा समज मात्र विद्यार्थ्यांपेक्षा शेजाऱ्यांचा. गेल्या रविवारी वरच्या मजल्यावरच्या काकांनी भाच्याला जिन्यातच गाठलं, ‘कुठला शेअर घेऊ रे?’

‘काका, त्या पैशाचं दुसरं काय करणार होता?’

‘काही नाही. गच्चीची गळती काढायची होती.’