धुरी दिलेल्या मासळीचा धंदा : परवडेल काय?

अलीकडे पुष्कळ शेतकरी बंधूंनी शेततळ्यांत रोहू व कटला सोडले आहेत. परंतु तळे आटू लागले म्हणजे सर्व मासळी एकदम काढावी लागते, आणि ती नासेल या भीतीने व्यापारी सांगेल त्या भावास द्यावी लागते. धुरी देऊन हा तोटा टळेल काय, याचा विचार येथे करू.

ही कृती नवी नव्हे. लक्षद्वीपातील मिनिकॉय बेटावर टुना मासा उकडून, धुरी देऊन व उन्हात वाळवून महिनोगणती टिकवितात. मणिपूर-नागालँडकडेही अशी मासळी बाजारात येते. आपल्या कोकणात मात्र लोकांची सवय सुक्या व खारविलेल्या मासळीची. सबब गिऱ्हाईक आपणांसच तयार करावे लागेल.

आमचे आयुष्य दप्तरात गेले, तेव्हा प्रथम आकडा मांडतो. पोट साफ करणे व पाणी आटणे यांत निम्मे वजन जाते असे धरावे. ताज्या मासळीचा भाव किलोस १५० रुपये धरला, तर तयार माल मीठ, सरपण व मजुरी यांपूर्वीच ३०० रुपयांस पडतो. घरची मासळी फुकट समजून हिशेब करणारा खचित बुडतो. व्यापारी जो भाव देता तो खर्ची लिहावाच.

दुसरी गोष्ट टिकाऊपणाची. मासळी टिकते ती मुख्यतः मिठाने व सुकण्याने, केवळ धुराने नव्हे. मऊ राखलेल्या मासळीचा गाभा ६३ अंश सेल्सिअसवर निदान अर्धा तास राहिला पाहिजे, व पुढे ती ३ अंशांखाली ठेविली पाहिजे. हवा काढलेल्या पिशवीत ती उबेस राहिल्यास प्राणघातक विष उत्पन्न होऊ शकते. सरपण राळेचे वा रंगविलेले नसावे. नारळाची सोडणे चालतात. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे नोंदणी अथवा परवाना आधी घ्यावा.

तात्पर्य, आटत्या तळ्याची सारी मासळी एका दिवसात धुरीस लावणे शहाणपणाचे नाही. तळ्यात पाणी असतानाच दर आठवड्यास थोडी मासळी काढून धुरी द्यावी, जवळच्या खानावळींस नमुना द्यावा, उरलेली ताजी विकावी. मागणी सतत सहा महिने पुरी पडेनाशी झाली, तरच भट्टी वाढवावी. कर्ज त्यापूर्वी काढू नये. गिऱ्हाइकाच्या आधी भट्टी मोठी करणे म्हणजे पावसाच्या आधी पेरणी करणे होय.