डोळ्यांची कातरवेळ

भर दुपारी उन्हातून सिनेमागृहात शिरले की पहिली मिनिटे माणूस आंधळाच असतो. डोअरकीपरच्या बॅटरीचा ठिपका धरायचा, दोनचार जणांचे पाय तुडवायचे आणि कशीबशी खुर्ची गाठायची. दहा मिनिटांनी शेजाऱ्याचा चेहराही दिसू लागतो. अंधार तोच, डोळे तेच. मग मधल्या वेळात घडले काय?

‘बाहुली मोठी झाली’ असे बहुतेक जण सांगतील. ते खरे आहे. पण बाहुलीचे काम काही सेकंदांत आटोपते आणि त्याने आत येणारा प्रकाश फार तर पंधरासोळा पट वाढतो. खरी उलाढाल होते ती डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर. तिथे सुमारे ६० लाख शंकुपेशी दिवसपाळी करतात. रंग आणि बारीक अक्षरे ही त्यांची खाती. रात्रपाळीला सुमारे १२ कोटी दंडपेशी. त्यांना रंग कळत नाहीत, पण अगदी मंद प्रकाशही त्या टिपतात. अंधारात शंकुपेशी आठदहा मिनिटांत सावरतात. दंडपेशींना मात्र पुरते सज्ज व्हायला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. उजेडात विरलेले त्यांचे ऱ्होडोप्सिन पुन्हा तयार व्हावे लागते आणि त्याला अ जीवनसत्त्व हवे असते. त्याची उणीव झाली की रातांधळेपणा येतो तो यामुळेच.

मला सर्वांत नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. इतक्या संख्येने असूनही दंडपेशींना मेंदूकडे जाणारी स्वतंत्र वाट नाही! उभी हयात बँकेत गेल्यामुळे मला त्या काळच्या आमच्या लहान शाखा आठवल्या. चेक त्यांच्याकडे जमा होई, पण क्लिअरिंगला जाई तो मोठ्या शाखेमार्फत. दंडपेशींचा निरोपही असाच दोन मध्यस्थ पेशींच्या हातून फिरतो आणि शेवटी शंकुपेशींच्या वाटेला लागतो. शिवाय दंडपेशी व शंकुपेशी जिथे एकमेकींना चिकटलेल्या असतात, तिथूनही तो परस्पर पलीकडे जातो.

वाट एक आणि वाटसरू दोन म्हटल्यावर कुरबुर आलीच. भर उजेडात दंडपेशी दिपून गप्प असतात, गडद अंधारात शंकुपेशी. संधिप्रकाशात मात्र दोघी एकदम बोलतात. त्यातही दंडपेशींचा निरोप किंचित उशिरा पोचतो. अंधाराला सरावलेल्या दंडपेशी शंकुपेशींची लुकलुक ओळखण्याची शक्ती दाबून धरतात, असेही प्रयोगांत दिसले आहे. रंगही याच वेळी फसवतात. बोहेमियाचे शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी १८२५ साली याची नोंद केली. आपण आपल्या कुंडीतली जास्वंद पाहावी. दिवेलागणीला लाल फूल काळपट होते आणि हिरवी पाने त्याहून उजळ वाटतात.

हे सारे केवळ कुतूहलाचे नाही. वय वाढते तशी दंडपेशींची ही तयारी मंदावते. समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला की विशीतला नातू पटकन सावरतो. आजोबांना वेळ लागतो. त्यात निष्काळजीपणा नसतो. म्हणून माझ्या वयाच्या मंडळींनी फेरफटका थोडा लवकर उरकावा, किंवा बरोबर बॅटरी ठेवावी. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पांढरा पट्टा ओढून घ्यावा. रात्री उठताना ट्यूबलाइट लावू नये, लहानसा लाल दिवा पुरतो. लाल प्रकाशाने दंडपेशी फारशा दिपत नाहीत.

आणि घरातले लेकरू तिन्हीसांजेनंतर वरचेवर अडखळू लागले, तर त्याला धांदरट म्हणून रागावू नये. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे.