नाव पाकिस्तानचे, पाणी मराठवाड्यात

सप्टेंबर २०२१ चा शेवटचा आठवडा मराठवाड्यातील आमच्या वाचकांना आठवत असेल. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले, मांजरा नदीने काठच्या गावांना वेढा घातला. हा पाऊस ज्या वादळाने आणला त्याचे नाव 'गुलाब', आणि ते नाव दिले होते पाकिस्तानने! बंगालच्या उपसागरात उठलेले हे वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आले, आपल्याकडे बरसले, पुढे अरबी समुद्रात पुन्हा जोर धरून ओमानवर आदळले. तेथे त्याचे नाव 'शाहीन' झाले. ते कतारने सुचवलेले.

पाकिस्तानचे नाव काढताच आपल्याकडे काहींच्या भुवया चढतात. पण वादळाच्या बाबतीत या शेजाऱ्यांचे बरे चालते. १९७० साली तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात भोला चक्रीवादळाने किमान तीन लाख माणसे मेली, असा अंदाज आहे. त्यानंतर १९७२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने समुद्रकाठच्या देशांचे मंडळ झाले. आज त्यात १३ देश आहेत. दिल्लीचे केंद्र इशारा देते, तो ढाक्याला जातो तसा कराचीलाही जातो.

मग इशाऱ्यात जमते ते हक्कात का जमू नये?

२०१० साली भूतानच्या थिंफू येथे सार्कची परिषद खास हवामान बदलावर भरली. जाहीरनामा निघाला, पाच वर्षांत एक कोटी झाडे लावायचे ठरले. २०१४ साली काठमांडूला शिखर परिषद झाली, ती शेवटचीच. २०१६ ची इस्लामाबादची परिषद उरीच्या हल्ल्यानंतर बारगळली.

२०२२ मध्ये पाकिस्तानात महापूर आला. १,७०० हून अधिक माणसे गेली, सव्वातीन कोटींहून अधिक लोकांना झळ बसली. जगाच्या एकूण धुरात त्या देशाचा वाटा शेकडा एकही नाही. त्याच वर्षी इजिप्तमध्ये पाकिस्तानने विकसनशील देशांच्या वतीने बाजू लावून धरली आणि नुकसानभरपाईच्या निधीला मान्यता मिळवली. धूर श्रीमंत देशांचा आणि कुडाचे घर मजुराचे वाहून जाते. तेव्हा हा पैसा म्हणजे भीक नव्हे, असे आम्ही मानतो. त्यावर या उपखंडाचा एक आवाज हवा होता. सार्कची कचेरी काठमांडूत आजही आहे. शिखर परिषदेची तारीख तेवढी ठरत नाही.