ग्रँड कॅनियनमध्ये ट्रेक करायचाय? जुलैचं तिकीट काढण्याआधी हे वाचा

अमेरिकेतल्या मुलाकडे किंवा बहिणीकडे जायचं, तर बहुतेक घरांत मुहूर्त ठरलेला असतो तो मे ते ऑगस्टचा. शाळांना सुट्टी असते, तिकडे दिवस मोठा असतो आणि थंडीही नसते. मग लास व्हेगासला जोडून ग्रँड कॅनियन यादीत येतंच. वरून दरी पाहून फोटो काढायचे असतील तर कोणताही महिना चालेल. पण दरीत उतरायचं असेल, तर नेमका हाच काळ सगळ्यात धोकादायक आहे. असं का, आणि मग जायचं तरी कधी, हे समजून घेऊ या.

हा ट्रेक सह्याद्रीपेक्षा वेगळा कसा?

आपल्याकडे गड आधी चढायचा असतो. दम लागला की माणूस अर्ध्यातून परत फिरतो आणि उतार त्याला सांभाळून घेतो. कॅनियनमध्ये सगळं उलटं आहे. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी उतार पटापट संपतो. चढ वाट्याला येतो तो पाय थकल्यावर आणि ऊन तापल्यावर.

चढही थोडाथोडका नाही. दक्षिण काठावरच्या साउथ कैबाब वाटेची सुरुवात सुमारे २,२१३ मीटर उंचीवर आहे, तर तळाचा ब्राइट एंजल कॅम्प ७५६ मीटरवर. म्हणजे परतताना साधारण १,४५७ मीटर चढायचे. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १,६४६ मीटर आहे, यावरून अंदाज घ्या. उतरायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरावा, असा तिथला साधा हिशेब आहे.

खाली गेल्यावर गारवा मिळत नाही का?

नाही. कोरडी हवा खाली येताना दाबली जाते आणि दर १०० मीटरला साधारण एक अंश सेल्सिअसने तापते. काठ ते नदी हे अंतर धरलं, तर फरक १२ ते १४ अंशांवर जातो. त्यात तळाशी दोन्ही बाजूंना काळपट खडकाच्या भिंती आहेत. दिवसभर शोषलेली उष्णता त्या रात्रीही सोडत राहतात. काठावर वाऱ्याची झुळूक खात उभ्या असलेल्या माणसाला खाली भट्टी पेटली आहे, हे जाणवतच नाही. फसगत होते ती इथेच.

महिन्यांनुसार दिवसाचं सरासरी कमाल तापमान साधारण असं असतं:

• जानेवारी: काठावर ५ अंश, तळाशी १३ अंश
• एप्रिल: काठावर १६ अंश, तळाशी २८ अंश
• जुलै: काठावर २९ अंश, तळाशी ४१ अंश
• ऑक्टोबर: काठावर १८ अंश, तळाशी २९ अंश

हे आकडे सावलीतले आहेत. साउथ कैबाबवर तर सावली जवळपास नाहीच आणि वाटेत पिण्याचं पाणीही मिळत नाही.

उन्हाळ्यात नेमका धोका काय?

मुंबई-कोकणात घाम अंगावरून निथळतो, त्यामुळे पाणी कमी पडतंय हे कळतं. वाळवंटातल्या कोरड्या हवेत घाम क्षणात उडून जातो. कपडे कोरडेच राहतात, पण शरीर मात्र पाणी आणि मीठ दोन्ही गमावत असतं.

दुसरी चूक याच्या उलट असते. घाबरून माणूस नुसतं पाणी पीत राहतो. त्याने रक्तातलं सोडियम कमी होतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं वागणं ही लक्षणं दिसू लागतात आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर जीवावर बेततं. म्हणून पाण्यासोबत खारं खाणं हवंच. चिवडा आणि खारे शेंगदाणे इथे उपयोगी पडतात.

उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत आतल्या वाटांवर चालू नका, असं उद्यान प्रशासन सांगतं. काठावरून नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येण्याचा प्रयत्न तर कोणत्याच ऋतूत करू नका, अशी ताकीद आहे. दरवर्षी २५० हून अधिक लोकांना दरीतून सोडवून आणावं लागतं, असं उद्यानाचेच फलक सांगतात.

वाळवंटात पावसाळा असतो?

असतो. त्यालाही मान्सूनच म्हणतात. अमेरिकेच्या नैऋत्य भागात १५ जून ते ३० सप्टेंबर हा त्याचा अधिकृत काळ. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांसह वादळी सरी येतात. आपल्यासारखी संततधार नसते, पण खडकाळ जमिनीत पाणी मुरत नाही. ते थेट घळींमध्ये घुसतं.

यात सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे पाऊस तुमच्या डोक्यावर पडण्याची गरज नसते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्याच लोअर अँटेलोप कॅनियनमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटकांचा मृत्यू झाला. पाऊस पडला होता तो कित्येक किलोमीटर दूर, वरच्या अंगाला. सप्टेंबर २०१५ मध्ये युटातल्या झायन नॅशनल पार्कच्या कीहोल कॅनियनमध्ये असेच सात जण वाहून गेले. त्यामुळे अरुंद घळीत जायचं असेल, तर फक्त त्या जागेचा नाही, वरच्या संपूर्ण परिसराचा हवामान अंदाज पाहावा लागतो.

मग हिवाळा बरा?

अनुभवी ट्रेकरसाठी हो. गर्दी कमी असते आणि तळाशी हवा चालायला छान असते. पण काठावर रात्री पारा शून्याखाली सात-आठ अंशांपर्यंत जातो आणि वाटेच्या वरच्या टप्प्यावर बर्फ गोठून काचेसारखा होतो. बुटांना बसवायचे काटे आणि हातात काठी लागतेच. दिवसही लहान असतो. उत्तर काठाचा रस्ता तर हिवाळ्यात बंदच असतो. त्या काठावरचं ग्रँड कॅनियन लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळून गेलं, त्यामुळे तिकडचा बेत आखण्याआधी काय सुरू आहे, हे तपासून घ्या.

थोडक्यात, सर्वोत्तम काळ कोणता?

एप्रिल आणि ऑक्टोबर. एप्रिलमध्ये वरच्या भागात उरलासुरला बर्फ असू शकतो, पण दिवस मोठा मिळतो. ऑक्टोबरमध्ये मान्सून सरलेला असतो आणि बर्फ सहसा सुरू झालेला नसतो. एकच महिना निवडायचा तर ऑक्टोबर. मे आणि सप्टेंबर वरून सुखाचे वाटतात, पण तळाशी तेव्हाही सरासरी कमाल तापमान ३३ ते ३६ अंश असतं.

याची एक किंमत आहे. याच महिन्यांवर सगळ्यांचा डोळा असतो. दिवसभराच्या ट्रेकला परवाना लागत नाही, पण खाली मुक्काम करायचा तर लागतो आणि त्यासाठी काही महिने आधी लॉटरीत नाव द्यावं लागतं. तळाशी असलेल्या फँटम रँचच्या खोल्यांसाठी तर लॉटरी वर्षभराहूनही आधी निघते.

सुट्टी जुलैतच असेल तर?

ट्रेक रद्द करू नका, छोटा करा.

• पहाटे उजाडताच निघा आणि १० च्या आत काठावर परत या.
• ब्राइट एंजल वाटेवर २.४ किलोमीटरवरचा विसावा गाठून मागे फिरा.
• पाणी सोबतच न्या. जलवाहिनी फुटली की वाटेवरचे नळ बंद पडतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करा.
• आई-बाबा किंवा लहान मुलं सोबत असतील तर काठावरची सपाट वाट पुरेशी आहे. सूर्योदय तिथूनही तितकाच सुंदर दिसतो.
• दुपारी ढग भरून आले, तर कठड्यापासून दूर व्हा आणि गाडीत किंवा इमारतीत जा.

तिकीट अजून काढलं नसेल, तर मात्र घरात एकदा विचारून पाहा: यंदा उन्हाळ्याऐवजी दिवाळीच्या आसपास गेलं तर?