धातुसेनाची ओंजळ

श्रीलंका-दर्शन : लेखांक चौथा

गेल्या लेखांकात आपण कॅंडीचे दंतधातुमंदिर पाहिले आणि चहाच्या मळ्यांचा निरोप घेतला. तेथून घाट उतरून दम्बुल्लच्या रोखाने निघाले की दोन-अडीच तासांत हवा पालटते, अंगावरची शाल नकोशी होते आणि दुतर्फा झुडपी रान सुरू होते. हा लंकेचा कोरडा मुलूख. नैर्ऋत्येचा मोसमी वारा आपली सारी पुंजी मध्यवर्ती पर्वतांच्या पश्चिम उतारावर खर्चून या बाजूस रित्या हातांनी उतरतो. येथला पाऊस मुख्यत्वे ऑक्टोबर ते जानेवारी एवढ्या काळात ईशान्येकडून येतो आणि पुढचे कित्येक महिने आभाळ कोरडे असते. अशा या मुलुखात अनुराधपुर आणि पोलोन्नरुव या दोन राजधान्या, एकीमागून एक, मिळून सुमारे दीड हजार वर्षे नांदल्या, त्यांनी अन्न पिकविले आणि जेतवनारामासारखा, मूळचा सुमारे 400 फूट उंचीचा विटांचा स्तूप उभारला, हे कसे घडले असेल, असा प्रश्न ज्या प्रवाशाच्या मनात उद्भवत नाही त्याने स्तूपाचे छायाचित्र घेऊन खुशाल परतावे.

प्रवासी कंपन्यांची माहितीपत्रके या देशातील प्रेक्षणीय स्थळांची वाटणी दोन रकान्यांत करतात. एकात ऐतिहासिक स्थळे, दुसऱ्यात निसर्गसौंदर्य. सकाळी भग्नावशेष, दुपारी हत्ती. पुष्कळ देशांत ही वाटणी चालून जाते. लंकेच्या कोरड्या मुलुखात मात्र ती पाऊलभरही टिकत नाही, आणि ती का टिकत नाही हे समजून घ्यायचे तर पाचव्या शतकातील एका अभागी राजाची कथा प्रथम ऐकली पाहिजे.

त्या राजाचे नाव धातुसेन. परचक्राचा बीमोड करून त्याने अनुराधपुरची गादी मिळविली आणि कलावेव नावाचा विस्तीर्ण तलाव बांधला. त्याचा पुत्र काश्यप हा पट्टराणीचा नव्हे. सेनापती मिगाराने त्याचे कान भरले, की राजाने सारा खजिना धाकट्या मोग्गलानासाठी दडवून ठेवला आहे. काश्यपाने बापाला कैदेत टाकले आणि खजिन्याचा पत्ता विचारला. ‘चूळवंस’ या पाली इतिवृत्तात पुढील प्रसंग आला आहे : वृद्ध राजाने आपणांस कलावेवच्या काठी नेण्याची विनंती केली, तेथे तो पाण्यात उतरला, मनसोक्त न्हाला, आणि मग पहारेकऱ्यांकडे वळून, एवढेच काय ते आपले धन, असे त्याने सांगितले. काश्यपाने त्याला विवस्त्र करून भिंतीत चिणून मारविले. इतिवृत्तकार भिक्षू असल्यामुळे या मृत्यूचा हिशेबही तो आपल्या परीने मांडतो : तलावाचा भराव चालू असता एक भिक्षू तेथे ध्यानस्थ बसला होता, तो हाकांनी उठेना, तेव्हा धातुसेनाने त्याच्या डोक्यावर माती टाकविली, आणि त्या कर्माचे फळ त्यास याच जन्मी मिळाले. धरणाखाली गाडल्या जाणाऱ्या माणसांची इतक्या जुन्या काळी एका इतिवृत्ताने घेतलेली ही नोंद आम्हांस त्या स्नानाच्या कथेइतकीच मोलाची वाटते.

राजाचे म्हणणे अक्षरशः खरे होते. कलावेवमधून निघणारा, जयगंगा या नावाने ओळखला जाणारा कालवा सुमारे 54 मैल वाहत जाऊन अनुराधपुरच्या तलावांना पाणी पोचवितो, आणि त्याच्या पहिल्या 17 मैलांत उतार आहे तो दर मैलास अवघा 6 इंच. दुर्बिणीची मोजणी नसलेल्या काळात हा उतार रानातून कसा साधला असेल याचा अचंबा आजच्या पाटबंधारे खात्यातील मंडळींसही वाटतो. या पाटास बांध आहे तो एकाच काठास. दुसऱ्या अंगाची जमीन नैसर्गिक चढाची, तशीच मोकळी सोडलेली. त्यामुळे पावसात त्या चढावरून ओघळणारे पाणीही वाटेत पाटाला मिळते, सखल जागी पाणी पसरून डबकी होतात, आणि गुरे, पाखरे व गावकरी यांस पाणवठा आपसूक लाभतो. पुढे राजधान्या उजाड झाल्या, भराव फुटले, रानाने सर्व काही गिळले. कलावेवची दुरुस्ती झाली ती ब्रिटिश अमदानीत, 1887 च्या सुमारास. म्हणजे चौदाशेहून अधिक वर्षांपूर्वीचे काम सरकारने मोडीत न काढता पुन्हा रुजू करून घेतले.

या तलावांची खरी किमया त्यांच्या मोरीत आहे. मातीच्या भरावातून पाणी सोडणे म्हणजे शत्रूला दरवाजा उघडून देण्यासारखे. तलाव जितका खोल तितका तळाशी दाब मोठा, आणि त्या दाबाने सुटलेला झोत भराव आतून पोखरून काढतो. सिंहली स्थपतींनी यावर तजवीज केली ती अशी : भरावाच्या पाण्याकडील अंगास, घडीव दगडांनी बांधलेली एक चौकोनी विहीर उतरवायची, तलावाचे पाणी तळच्या नळमार्गातून प्रथम या विहिरीत घ्यायचे, तेथे त्याचा वेग मोडायचा, फळी वरखाली करून त्याचे प्रमाण ठरवायचे, आणि मगच ते भरावाखालून पलीकडे सोडायचे. या विहिरीस बिसोकोटुव म्हणतात. हेन्री पार्कर हा पाटबंधारे खात्यातील इंग्रज अभियंता. त्याने या विहिरी मोजल्या, त्यांचे नकाशे काढले, आणि 1909 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, आधुनिक धरणांतील झडपांच्या विहिरीचे हे पूर्वरूप होय, असा निर्वाळा दिला. प्रवासी मात्र यांच्यावरून मोटार हाकीत पुढे जातात, कारण तेथे पाटी नसते.

पितृघातानंतर, 477 साली गादीवर आलेला काश्यप राजधानी सोडून सिगिरियाच्या सुमारे सहाशे फूट उंचीच्या एकाकी खडकावर जाऊन राहिला. या स्थळाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, तेव्हा थोडक्यात आटोपतो. कपारीतील भित्तिचित्रे पाहताना मराठी माणसास अजिंठा आठवणारच, आणि ते आठवणे निराधार नाही. वाकाटक हरिषेणाच्या कारकीर्दीत अजिंठ्याच्या वाघोरा नदीकाठी चितारी काम करीत होते तोही पाचव्या शतकाचाच उत्तरार्ध. फरक एवढाच, की अजिंठ्यास कथा आहे, नगर आहे, गर्दी आहे. येथे कमरेपासून वर, ढगांतून प्रकटलेल्या, हाती फुले घेतलेल्या स्त्रिया आहेत, आणि त्या कोण यावर पंडितांचे एकमत नाही. पुढल्या शतकांतील रसिकांनी खालच्या गुळगुळीत भिंतीवर त्यांच्यासाठी पद्ये कोरून ठेवली; पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी त्यांतील 685 वाचून 1956 साली प्रसिद्ध केली. आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो ते पायथ्याच्या जलोद्यानाकडे. चुनखडीच्या शिळांना भोके पाडून केलेली तेथली कारंजी केवळ चढउताराच्या दाबावर चालत, आणि भर पावसाळ्यात आजही त्यांतून पाणी उसळते. बापाला ज्या धनापायी मारले त्याच विद्येवर मुलाने बाग फुलविली, आणि 495 साली परागंदा झालेला धाकटा भाऊ मोग्गलान सैन्य घेऊन परतला तेव्हा यांतले काहीही काश्यपाच्या कामी आले नाही.

आता हत्ती. सिगिरियापासून जवळच मिन्नेरिया आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरात, भोवतालच्या रानांतून दोनशे-तीनशे हत्ती या तलावाच्या काठी जमतात. आशियाई रानहत्तींचा एवढा मोठा मेळा अन्यत्र क्वचितच दृष्टीस पडावा. पाणी उतरू लागले की तळाची ओली जमीन उघडी पडते आणि तिच्यावर कोवळे गवत उगवते. हत्ती पुढच्या पायाच्या नखांनी ते खरवडतो, सोंडेने त्याची मूठ बांधतो, पायावर दोन-चार वेळा आपटून मुळांची माती झाडतो आणि मगच तोंडात घालतो. पिलू तेच करू पाहते आणि बहुधा मातीसकट खाते. हे दृश्य माहितीपत्रकाच्या ‘निसर्ग’ या रकान्यात असते. पण हा सुमारे 4,670 एकरांचा जलाशय तिसऱ्या शतकाच्या अखेरीस महासेन राजाने बांधला. जेतवनाराम स्तूपही त्याचाच. भोवतालची रयत या राजाला मिन्नेरियाचा देव मानून पुजते. हत्तींना इकडे ओढून आणणारे पाणी आणि गवत ही दोन्ही त्याच्याच बांधाची देणगी.

याचा पडताळा अलीकडे उलट दिशेने आला. अंबनगंगेवर मोरगहकंद येथे नवे धरण झाले, आणि त्याचे पाणी ऐन कोरड्या दिवसांत मिन्नेरियात सोडले जाऊ लागल्यावर तलाव उतरेना, गवत बुडू लागले आणि काही वर्षी मेळा विस्कटला, अशी वन्यजीवांच्या अभ्यासकांची तक्रार आहे. शेतकऱ्यास पाणी हवे हे तर उघडच. परंतु तलाव भरणे जसे शास्त्र आहे तसे तो वेळेवर उतरू देणे हेही शास्त्र आहे, आणि ते कोणाच्या दप्तरी नोंदले गेले आहे असे दिसत नाही.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द. सिगिरियाची चढण सकाळी लवकर करावी, उन्हात खडक तापतो. मिन्नेरियास दुपार टळल्यावर जावे आणि जीप हत्तींच्या वाटेत घालू नये, असे चालकास आधीच बजावावे. बक्षिसीच्या आशेने तो ती घालतो. आणि ज्यांच्या हाती या भागासाठी तीनच दिवस आहेत त्यांनी त्यांतील अर्धा दिवस कलावेवच्या भरावावरून पायी चालण्यास राखून ठेवावा. त्यासाठी पोलोन्नरुवचे एखादे देऊळ पाहायचे राहिले तरी चालेल. पुढील लेखांकात दक्षिणेस, गॉलच्या डच किल्ल्याकडे.